अखेरच्यांची राखण

४ नोव्हेंबर

आलो एकदाचे. सामान उतरवताना अक्कानं टेम्पोवाल्याला असं काही फैलावर घेतलं, की तो बिचारा कपाटाचा आरसा पोटच्या लेकरासारखा छातीशी धरून आत घेऊन आला. मग तिनं मला बाजूला ओढून हळूच विचारलं, की हे घर कुणाचं, आणि आपण इथं कुणाच्या लग्नाला आलोय. हल्ली असंच असतं. अर्धी अक्का लख्ख, अर्धी गुल.

घर झकास आहे. संशोधन संस्थेच्या मागच्या अंगाला कर्मचाऱ्यांची बैठी घरं, एकाला एक चिकटलेली. मधल्या भिंती सामाईक, पुढं सगळ्यांना मिळून लांबलचक व्हरांडा. एकानं शिंकावं आणि शेजाऱ्यानं रुमाल शोधावा, इतकी जवळीक.

माझ्याकडं सगळ्या यंत्रांची देखभाल आहे. शीतपेट्या, उबेची कपाटं, पंखे, जनरेटर. शाळा मी अर्ध्यात सोडली. जे शिकलो ते कानानं. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशिनला आणि मूठ कानाला लावली, की आतलं बेअरिंग आपली सगळी दुखणी सांगायला लागतं. या कानांच्या जोरावर वर्कशॉप उभं केलं, आणि ते भागीदाराच्या गळ्यात घालून इथं आलो ते अक्कासाठी. आई गेली तेव्हा मी रांगत होतो. अक्का शाळकरी पोर, तिनं मला कडेवर वाढवलं. इथल्या डॉक्टरबाईंनी विसरण्याच्या आजारावर नवं औषध काढलंय, आणि त्याच्या चाचणीत कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना आधी घेतात.

लग्नाला नाही, तुझ्या डोक्याच्या सर्व्हिसिंगला आलोय, असं मी अक्काला सांगितलं. ती म्हणाली, की मग तुझंही करून घे, तुझ्या डोक्याची गॅरंटी तर केव्हाच संपली.

७ नोव्हेंबर

आज प्रयोगशाळा पाहिली. बाईंच्या हाताखाली एक जाड चष्मेवाला आहे. माझ्याइतकाच नवा, पण बोलायला लागला की टाकी फुटल्यासारखा. त्यानं सगळं उलगडून सांगितलं.

मेंदूतल्या चेतापेशी मेल्या, की त्यांच्या जागी नव्या सहसा येत नाहीत. म्हणून त्यांच्या अवतीभवती राखणदार पेशी असतात. त्या त्यांना खाऊपिऊ घालतात, कचरा उचलतात, विष आलं तर वाटेत अडवतात, आणि एखादी चेतापेशी कामातून गेलीच तर तिला गिळून जागा साफ करतात. वय झालं की राखणदार पेंगायला लागतात. अक्काच्या डोक्यात तेच चाललंय. राखणदार घोरताहेत आणि दिवे एकेक करून विझताहेत.

इथले राखणदार मात्र वेगळ्या घराण्यातले. समुद्रकाठच्या एका गुहेत एक दाढ सापडली होती, निअँडरथल माणसाची. आपण, म्हणजे आजची माणसं, यायच्या आधी ही माणसं तिकडं नांदत होती. आपण आलो आणि ती मागं मागं सरत गेली, अगदी जमीन संपेपर्यंत. त्या गुहेत राहिली ती त्यांच्यातली शेवटची. दाढेतून त्यांच्या शरीराची जी लिपी मिळाली, तिच्यातला मेंदूपुरता भाग आजच्या पेशींत घालून या लोकांनी काचेच्या बश्यांत डाळीएवढे गोळे वाढवलेत. प्राणवायू तोडला की आपल्या चेतापेशी पटापट मरतात. हे गोळे फक्त गप्प होतात आणि वाट बघतात. हवा सोडली की पुन्हा जसेच्या तसे. इथं सगळे त्यांना ‘अखेरचे’ म्हणतात. त्यांचे राखणदार काढून पाठीच्या कण्यातून रोग्याच्या मेंदूकडं पाठवायचे, हेच बाईंचं औषध.

मी विचारलं, की परक्या मुलखाचा वॉचमन ठेवायचा, तर घर कुणाचं आहे हे त्याला कसं कळणार. चष्मेवाला खूप हसला. म्हणाला, पेशींना मतं नसतात.

१० नोव्हेंबर

बाई कसल्याशा परिषदेला परदेशी गेल्यात. ओळख व्हायची राहिली. पण आल्यावर माझं नाव आपोआप कानावर जाईल, अशी तजवीज मी आजच करून ठेवली.

उबेच्या कपाटांच्या खोलीत एक मेली खडखड होती. सगळी कपाटं एकाच लोखंडी मांडणीवर, आणि त्या मांडणीला हवेच्या पंख्याची मोटर जोडलेली. खडखड मोटरीतून मांडणीत, मांडणीतून कपाटांत. बश्यांतलं पाणीसुद्धा थरथरायचं. मी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. मोटर ठणठणीत! मग हात घालून पाहिलं, तर मोटरीच्या पायाखाली पत्र्याची एक घडी ठोकून बसवलेली. आधीचा मेकॅनिक निवृत्त झालाय म्हणतात. हे असलं काम करून तो निवृत्त होईपर्यंत टिकला, याचंच नवल.

पत्रा काढला, मोटर समतोल बसवली. आता खोली इतकी शांत, की आपला आपल्याला घोट गिळलेला ऐकू यावा. चष्मेवाल्यानं हातच जोडले. म्हणाला, इथं काम करून करून त्याचे दात हलायला लागले होते. कुणी सांगितलं नव्हतं. पण न सांगता केलेलं काम हीच आपली जाहिरात.

१६ नोव्हेंबर

अक्काची पहिली सुई झाली. बाई नाहीत, म्हणून चष्मेवाल्यानंच दिली. औषध आजच सकाळी त्या शांत कपाटांतून ताजं काढलं. तिच्यासोबत शेजारच्या ड्रायव्हरचे आजोबा आणि पलीकडच्या वॉचमनच्या सासूबाई. आजोबा आपल्याच चपलांना रोज नव्यानं घाबरतात. सासूबाई जावयाला दूधवाला समजतात, आणि जावई म्हणतो, की निदान भाव तरी करत नाहीत.

अक्का हूं की चूं न करता पालथी झोपली. एवढंच म्हणाली, की मागून वार करणारी जात बरी नव्हे.

२४ नोव्हेंबर

आज मी पोटभर जेवलो. कितीतरी दिवसांनी.

सकाळी पंख्याचं रेग्युलेटर उघडून बसलो होतो. अक्का मागं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, खुडबुड्या! हे माझं लहानपणचं नाव. दोन वर्षांत तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पुढं म्हणाली, की देवानं पोराला दोन हात दिले, पण दोन्ही मेले — इथं तिला जरासा ठसका लागला — दुसऱ्याच्याच मशिनीत. मी हसलो आणि डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला पुन्हा रेग्युलेटरमध्ये डोकं घातलं.

दुपारी तिनं आपण होऊन भाजी निवडली. आजोबा चपला घालून फाटकापर्यंत जाऊन आले. व्हरांड्यात तिन्ही घरच्या आम्हा माणसांचे चेहरे असे, जशी लॉटरीच लागलीय.

२९ नोव्हेंबर

कपाटांच्या खोलीत एक यंत्र आहे. अखेरच्यांच्या पेशींत विजेची ठिणगी उडाली, की ते टिकटिकतं. मी आलो तेव्हा पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा विस्कळीत आवाज यायचा. आता सगळ्या बश्या एकदम वाजतात. टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा सगळ्यांची मिळून एकच टक. बशी आणि बशी यांच्यात ना तार, ना नळी. चष्मेवाला हरखलाय, त्याला आता पुरस्कार दिसायला लागलेत.

मला वेगळंच ऐकू आलं. मी दार उघडलं की टिकटिक बंद. मी कोपऱ्यात न हलता उभा राहिलो, तरी बंद. बाहेर येऊन दाराला कान लावला, की सुरू.

विहिरीपाशी गेलं की बेडकं अशीच गप्प होतात. आपण निघून जायची वाट बघतात.

३ डिसेंबर

बाई आल्या. दारात उभ्या राहून मान कलती करून मला नमस्कार केला. खोलीत पाऊल टाकलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. खडखड कुणी बंद केली, असं विचारलं. मी छाती काढून पुढं झालो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

पत्र्याची ती घडी बाईंनी स्वतः बसवून घेतली होती. बश्या थरथरत राहिल्या, की राखणदारांना एकमेकांची चाहूल लागत नाही, आणि ते समोर असेल त्या पेशीला इमानानं राखतात. शांतता मिळाली की ते एक होतात. आणि एक झाले, की आपलं कोण आणि परकं कोण, हे ठरवतात.

त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. काही बश्यांत आपल्या आणि त्यांच्या चेतापेशी शेजारी शेजारी वाढवल्या होत्या. आपली एकही उरलेली नाही. मेल्याची खूणसुद्धा नाही. झाडून पुसून लख्ख. कुंपणानं शेत खाल्लं होतं, आणि खाऊन झाल्यावर तिथं स्वतःचं पेरलं होतं.

अक्काला दिलेलं औषध शांततेतलं. तिघांनाही दिलेलं. बाईंनी वर्षामागं स्वतःलाही टोचून घेतलंय, पण ते खडखडीतलं, म्हणून त्या निर्धोक. असं त्या म्हणाल्या.

राखणदारांना मारणारं एक औषध आहे, ते बनवायला थोडा अवधी लागेल. एकदाच द्यायचं. त्यांनी डोक्यात जे बांधलंय तेही त्याबरोबर कोसळेल. अक्काचं काही उरलं असेल, तर तेवढी अक्का उरेल. नसेल उरलं, तर श्वास घेणारं नुसतं शरीर. तोवर तिच्या डोक्याजवळ खडखड ठेव, असं बाईंनी सांगितलं. मी एक वाकडी मोटर तिच्या खाटेच्या लोखंडी दांड्याला पक्की आवळली. जन्मभर मशिनी गप्प करत आलो, आज पहिल्यांदा एक वाजती केली.

५ डिसेंबर

कामावरून आलो, तर मोटर खाली काढून ठेवलेली. नट-बोल्ट उशाशी रांगेत, लहानापासून मोठ्यापर्यंत. अक्कानं आयुष्यात कधी पाना हातात धरलेला नाही.

हे काय केलंस, असं विचारलं. ती भिंतीला पाठ लावून बसली होती. तब्येत उत्तम. गालांवर तजेला, नजर स्थिर. मला बघताच म्हणाली, खुडबुड्या. मग म्हणाली, की देवानं पोराला दोन हात दिले, पण दोन्ही मेले—

ठसका.

—दुसऱ्याच्याच मशिनीत.

ठसका त्याच जागी. तेवढाच. त्याआधीचा श्वासही तोच. दुसरा कुणी असता तर फसला असता. पण माझे कान! ही अक्का बोलत नव्हती. अक्काचं बोलणं वाजवलं जात होतं. आणि वाजवणारं जे कोण आत होतं, ते माझ्या चेहऱ्याकडं बघत होतं, मी फसलो का ते पाहायला.

६ डिसेंबर

तिला इथून हलवायचं ठरवलं. बाहेर रिक्षा उभी केली, दंडाला धरून चल म्हटलं. ती उभी राहिली, पण हलेना. खांबाला धरल्यासारखं झालं. मी जोर लावला, तसे व्हरांड्यात आजोबा उठून उभे राहिले. सासूबाई उभ्या राहिल्या. रिक्षावाला मीटर न बघताच निघून गेला.

त्या नजरांत राग नव्हता. राग माणसाचा माणसावर असतो. शेतात डुक्कर शिरलं की शेतकरी ज्या नजरेनं बघतो, ती ही नजर.

पोलिसांना फोन लावला. तिकडून विचारलं, की तक्रार नेमकी काय आहे. बहीण बरी होतेय, ही?

७ डिसेंबर

भिंतीतून ऐकू येतं. टाचेचा ठोका. आधी अक्काचा, फरशीवर. मग भिंतीपलीकडं आजोबांचा. मग त्यापलीकडं. मग तिन्ही घरांतून मिळून एकच. मी खोलीत गेलो की बंद.

ड्रायव्हर बायकापोरांना घेऊन गावी गेला. आजोबांना ठेवून. वॉचमन फाटकावरच झोपतो. घराकडं बघतही नाही. चष्मेवाला काल राजीनामा देऊन गेला. जाताना मला म्हणाला, की पेशींना मतं नसतात हे वाक्य त्यानं परत घेतलंय.

अक्का माझ्यासमोर जेवत नाही. मी झोपलो असं वाटलं की—

नको.

८ डिसेंबर

औषध तयार झालं. भर दुपारी बाई स्वतः आल्या. अक्काची कुपी आणि सुई माझ्या हातात दिली आणि सांगितलं, की धरून ठेव, आधी आजोबांना देऊन येते, मग दोघं मिळून हिला देऊ. आजोबांचं दार उघडंच होतं. आत गेल्या.

बोलण्याचा आवाज आला. मग तोही नाही.

मग टाच. एक. आजोबांच्या घराच्या दोन्ही भिंतींतून.

मी व्हरांड्यात उभा राहिलो. हाक मारली. आत जायला पाय उचलेना. ऊन भिंतीवरून खाली सरकलं तरी बाई बाहेर आल्या नाहीत.

कचेरीत विचारलं. बाईंनी रजेचा निरोप पाठवलाय म्हणे.

९ डिसेंबर

दोरीवर बाईंचा पांढरा कोट वाळत घातलेला. स्वच्छ धुतलेला.

बाई व्हरांड्यात. आजोबा आणि सासूबाई यांच्या मधोमध. भिंतीला पाठ लावून. मी जवळ गेलो तशी त्यांची टाच थांबली. खडखडीतले राखणदार म्हणे निर्धोक. तिथं आत, त्या शांततेत, यांच्यामध्ये बसवल्यावर—

त्यांनी मला नमस्कार केला. परदेशातून आल्या त्या दिवशी दारात उभ्या राहून केला होता, तसाच. मान तेवढीच कलती.

आता कळतंय. त्या गुहेच्या काळी आपण येत होतो आणि ते गप्प व्हायचे. आपण जायची वाट बघायचे. आपण गेलोच नाही. तेव्हा नुसतं गप्प राहणं पुरलं नाही. आता ते आपल्यासारखा आवाज काढायला शिकलेत.

१० डिसेंबर, दुपार

आतल्या खोलीत आहे. कडी घातलीय. कुपी खिशात, सुई भरलेली. पळता आलं असतं. मागची खिडकी उघडते. पण अक्का दाराबाहेर आहे.

एवढंच कळायला हवं. तिच्यात ती उरलीय का. उरली असेल तर सुई देतो, मग ते मला काय करतील ते करोत. नसेल उरली, तर मी कुणाला वाचवतोय—

दाराबाहेर बोलणं चाललंय. अक्काचा आवाज. टेम्पोवाल्याला झापलेलं, सगळं, शब्दाला शब्द. मग गॅरंटी. मग मागून वार करणारी जात. सगळं शिळं. सगळं ऐकलेलं. मी उत्तर देत नाही.

थांबलं.

बराच वेळ काही नाही.

रडणं.

अक्का रडतेय. आई गेली तेव्हा रडली नाही म्हणे. लग्न मोडून घरी परत आली तेव्हाही नाही. माझ्यासमोर ती कधी रडलीच नाही. म्हणजे हे वाजवलेलं नाही. हे मी कधीच ऐकलेलं नाही. हे आत्ताचं आहे. आत कुठंतरी ती एकटी उरलीय, चहूबाजूंनी ते, आणि ती—

कडी काढली. दार नुसतं लोटलेलं आहे. घाईत लिहितो, म्हणजे पुढं कुणी मला खुनी म्हणू नये. अक्का आहे. मी ऐकलंय. माझे कान चुकत नाहीत. आता बाहेर जाऊन सुई

हुंदका. श्वास आत. मध्येच अडकतो. मग दुसरा हुंदका.

व्हरांड्यातून आणखी एक. आजोबांचा. श्वास आत. अडकतो. त्याच जागी—

सासूबाईंचा. त्याच—

बाईंचाही

दार आपोआप